नॅनो-लोखंडाचा नायट्रेट फिल्टर : आमच्या विहिरीच्या पाण्यावरचे सहा आठवडे

पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट काढण्यासाठी लोखंडाचे नॅनोकण वापरणारा एक घरगुती फिल्टर आम्ही मार्चच्या अखेरीस घेतला आणि मेच्या मध्यापर्यंत रोज वापरला. बसवण्याच्या खर्चासह तो १४,५०० रुपयांना पडला. आतले कार्ट्रिज बदलायचे झाल्यास ३,२०० रुपये लागतात. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका स्वयंपाकघरातल्या एका यंत्रावरून कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे बरे नव्हे. शिवाय माझा आक्षेप या जातीच्या कोणत्याही फिल्टरला लागू पडेल असा आहे. फिल्टर नायट्रेट कमी करतो, ही गोष्ट खरी आहे; मात्र त्या नायट्रेटचे पुढे काय होते, याबद्दल माहितीपत्रकात जे छापले आहे ते खरे नाही.

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. परसात जांभ्यात खोदलेली चाळीस फुटांची विहीर, तिच्या वरच्या अंगाला आमचाच जुना गोठा आणि त्याच्याही वर शेजाऱ्यांनी चार वर्षांपूर्वी बांधलेल्या संडासाचा शोषखड्डा, अशी मांडणी आहे. खड्डा विहिरीपासून पन्नास फूट लांब असावा हा दंडक त्यांनी पाळला होता. पण जांभा म्हणजे स्पंजासारखा भोके असलेला दगड, त्यातून पाणी किती वेगाने झिरपते हे पहिल्या पावसानंतर विहिरीच्या कडेला उभे राहिलेल्या कोणालाही दिसते. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येणार होती, म्हणून मी फेब्रुवारीत पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिले. मी स्वतः महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात सव्वीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होते, त्यामुळे अहवालातल्या बाकीच्या ओळींवरून नजर पटकन पुढे सरकली आणि शेणामुतातून, मैल्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटवर थांबली. लिटरमागे ७८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे मर्यादा ४५ आहे आणि तीत सवलत नाही; जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा ५० आहे.

मोठ्या माणसाला एवढ्या नायट्रेटने सहसा लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातले हिमोग्लोबिन बिघडवते आणि मग त्या रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखे निळसर पडतात. विहिरीचे पाणी आणि हा विकार यांचा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये मांडला. आपल्याकडे अजून पुष्कळांचा समज असा आहे की पाणी उकळले म्हणजे सगळे गेले. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते आणखी दाट होते. तुरटी, टीसीएल (क्लोरीनची) पावडर, कोळशाचा साधा फिल्टर, निळ्या दिव्याचा यूव्ही, यांपैकी कशानेही नायट्रेट हलत नाही, कारण ते पाण्यात मिठासारखे पूर्ण विरघळलेले असते. म्हणून या फिल्टरच्या जाहिरातीतले ‘नॅनो-लोखंडाने नायट्रेटचे निरुपद्रवी हवेत रूपांतर’ हे वाक्य वाचल्यावर मला मोह झाला, हे कबूल करते.

बसवायला आलेला मुलगा चिपळूणहून आला होता. त्याने आल्या आल्या टीडीएस मीटर बाहेर काढला, विहिरीच्या पाण्यात बुडवला, २१४ आकडा दाखवला आणि म्हणाला, “काकू, पाणी चांगलं आहे तुमचं.” टीडीएस मीटर पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यांतले नायट्रेट किती हे त्याला कळत नाही, हे मी त्याला सांगितले आणि त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले. नंतरचे प्रात्यक्षिक मात्र चोख होते. नायट्रेटची कागदी पट्टी त्याने विहिरीच्या पाण्यात एक सेकंद धरली. मिनिटभरात तिच्या टोकाचा पांढरा चौकोन गडद गुलाबी झाला, डबीवरच्या ५० आणि १०० या रंगांच्या मधला. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात दुसरी पट्टी बुडवली, ती जेमतेम फिकट गुलाबी झाली, १० आणि २५ च्या मधली. माझे पती तिथेच उभे होते. त्यांनी त्या मुलाला लगेच चहा दिला. नवव्या दिवशी मी तेच पाणी प्रयोगशाळेत पाठवले, तेव्हा नायट्रेट १८ आले. म्हणजे पट्टीने खोटे सांगितले नव्हते.

इथे आत काय घडते ते थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढची सगळी तक्रार त्यातूनच निघते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शंभर नॅनोमीटरहून बारीक अशा लोखंडाच्या कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड असतो: बाजारात मिळणाऱ्या लोखंडाच्या साध्या भुकटीत ग्रॅममागे एक चौरस मीटरही पृष्ठभाग मिळत नाही, तर नॅनोकणांत तो वीस-तीस चौरस मीटरपर्यंत जातो. अमेरिकेतल्या लेहाय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये असे कण बनवून क्लोरीनयुक्त विषारी द्रावकांवर वापरले आणि पुढे नायट्रेटवरही त्यांचा प्रयोग सुरू झाला. हे कण हवेत उघडे ठेवले तर गंजतात, अगदी कोरडे असतील तर पेटही घेतात, आणि पाण्यात सोडले तर एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून त्यांना कसल्या तरी आधारावर बसवावे लागते. आमच्या कार्ट्रिजमध्ये तो आधार नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा होता. करवंट्या आमच्याकडे बंब पेटवायला जातात. त्याच इथून जाऊन ३,२०० रुपयांचे रूप घेऊन परत आल्या असाव्यात, असे पती म्हणाले.

लोखंड नायट्रेटला इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः गंजते. नायट्रेटमधला ऑक्सिजन निघून जातो. नायट्रोजन मात्र कुठेतरी राहणारच. तो नायट्रोजन वायू होऊन उडाला, तर जाहिरात खरी. साध्या लोखंडाशी अभिक्रिया होते तेव्हा तो बहुतांशी तिथे थांबत नाही, शेवटपर्यंत जातो आणि अमोनिया होतो. हे नव्याने लागलेले ज्ञान नाही. या विषयावरच्या कोणत्याही बऱ्या पुस्तकात नायट्रेट, चार लोखंड आणि दहा हायड्रोजन आयन (पाण्याला आम्ल करणारे कण) मिळून एक अमोनियम, म्हणजे पाण्यात विरघळलेला अमोनिया, असे समीकरण सापडते.

पण मला आधी समीकरण आठवले नाही, आधी चहा बिघडला. फिल्टर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना त्याचा रंग काळसर निळा दिसला, जणू दौतीतून ओतला आहे. दूध घातल्यावर तो राखेसारखा झाला. चहातले टॅनिन आणि पाण्यातले लोखंड एकत्र आले की असे होते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत, ती याच रीतीने. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेले की धुतलेल्या कपड्यांवर डाग पडू लागतात. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पंचावर तांबूस छटा आली. सुरुवातीचे काही लिटर पाणी टाकून द्यावे, असे माहितीपत्रकात होते. आम्ही चाळीस लिटर टाकले, तेव्हा शाईचा रंग बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

लोखंडाचे मी मनावर घेतले नसते. घाबरवले ते वासाने. पातेल्यात पाणी तापू लागले की हलकासा, गोठ्यातल्या सकाळसारखा वास येई. आमच्या विहिरीचे पाणी जांभ्यातल्या पाण्यासारखेच किंचित आम्ल, त्याचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल) ६.१, फिल्टरमधून आल्यावर तो ८.८ होई, कारण ती अभिक्रिया हायड्रोजन आयन खात जाते. मानकाप्रमाणे सामू ६.५ ते ८.५ मध्ये हवा. सामू चढला की पाण्यातल्या अमोनियाचा मोठा हिस्सा वायुरूपात येतो आणि नाकाला कळतो.

भाच्याकडे मासे पाळण्याची टाकी आहे आणि अशा लोकांकडे अमोनिया तपासण्याचा छोटा संच असतो. तो मागवला. नळीत विहिरीचे साधे पाणी घेऊन थेंब घातले, पाच मिनिटे ठेवले, रंग पिवळाच राहिला, म्हणजे अमोनिया नाही. फिल्टरचे पाणी घेतले तर नळी इतकी गडद हिरवी झाली की रंग तक्त्याच्या शेवटच्या पट्टीपलीकडे गेला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर चार भाग आणि फिल्टरचे पाणी एक भाग असे मिसळून पुन्हा पाहिले. रंग २ आणि ४ च्या मध्ये, २ कडे झुकलेला. पाचाने गुणले की दहाच्या वर. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नवव्या दिवसाच्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन ९.६ मिलिग्रॅम आले. मानकाची मर्यादा ०.५ आहे.

आता हिशेब मांडू. नायट्रेटचा आकडा ४.४३ ने भागला की त्यातला निव्वळ नायट्रोजन मिळतो. विहिरीच्या पाण्यातले ७८ म्हणजे १७.६ मिलिग्रॅम नायट्रोजन, फिल्टरच्या पाण्यातले १८ म्हणजे ४.१. लिटरमागे साडेतेरा मिलिग्रॅम नायट्रोजन ‘गेला’, त्यांतला ९.६, म्हणजे दहांतले सात भाग, अमोनियाच्या वेषात त्याच पेल्यात बसलेला सापडला. थोडा नायट्राइटच्या रूपात होता. राहिलेला वायू होऊन उडाला असेल किंवा कोळशात अडकला असेल. पट्टीला फक्त नायट्रेट दिसते, म्हणून प्रात्यक्षिक नेहमीच यशस्वी होणार. पट्टी दाखवणाऱ्या मुलाचा त्यात काही दोष नाही.

अमोनिया एवढ्या प्रमाणात पोटात गेला तर नायट्रेटइतका धोका नाही, असे म्हणता येईल, आणि ते बरोबरही आहे. पण तान्ह्या बाळाचे दूध कालवायला असले पाणी मी देणार नाही. दुसरी अडचण आमच्या गावापुरती खास आहे: पावसाळा आला की ग्रामपंचायतीकडून टीसीएल येते, आणि घरातही पिण्याच्या पिंपात लोक क्लोरीनचे थेंब घालतात. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन आधी अमोनियावरच खर्च होते. एक भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला जवळजवळ आठ भाग क्लोरीन लागते. आमच्या फिल्टरच्या पाण्याला लिटरमागे पाऊणशे मिलिग्रॅमहून अधिक लागले असते. नेहमीच्या दोन थेंबांनी जंतू मेले असे समजून चालणारे घर फसले असते.

मग माहितीपत्रकातली ‘निरुपद्रवी हवा’ आली कुठून? ती दुसऱ्याच नॅनोकणांची आहे. नायट्रेट काढून त्याचा बहुतांशी नायट्रोजन वायू करणारे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया घडवणारे पदार्थ, आहेत, पण ते पॅलॅडियम या धातूचे आहेत, लोखंडाचे नव्हेत. पॅलॅडियम आणि तांबे यांच्या जोडीने हे साधते, असे जर्मन संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मायकेल वाँग यांच्या गटाने पॅलॅडियमच्या नॅनोकणांवर इंडियम हा दुसरा धातू चढवला. त्यांच्या २०१८ मध्ये गाजलेल्या कामाप्रमाणे पॅलॅडियमचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग इंडियमने झाकला की काम सर्वांत चांगले होते. इंडियम नायट्रेटचा एक ऑक्सिजन काढून त्याचे नायट्राइट करते, पुढचे काम पॅलॅडियम उरकते, आणि इंडियमने घेतलेला ऑक्सिजन हायड्रोजन वायूच्या मदतीने काढून टाकला जातो. म्हणजे पाण्यात हायड्रोजन सोडत राहावा लागतो. ओट्याखाली हायड्रोजनचा सिलिंडर ठेवणारे स्वयंपाकघर मी तरी पाहिलेले नाही. चुलीच्या भाषेत सांगायचे तर पॅलॅडियम ही चूल आहे, ती तशीच राहते; आमच्या फिल्टरमधले लोखंड हे सरपण आहे, ते जळून संपते. चुलीचे गुण सांगून सरपण विकले, एवढीच ती जाहिरात.

‘नॅनो’ या शब्दाने मी बिचकत नाही, हेही लिहून ठेवते. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण होते आणि ते जंतूंसाठी होते. मद्रास आयआयटीतले टी. प्रदीप यांच्या गटाने कीटकनाशके आणि आर्सेनिक काढण्यासाठी नॅनोपदार्थांवर केलेले काम प्रत्यक्ष वापरात आले आहे. प्रत्येक कण त्याच्या त्याच्या कामाचा. जंतूंच्या फिल्टरने नायट्रेट जात नाही आणि आर्सेनिकच्या फिल्टरने अमोनिया जात नाही.

सरपणाचा हिशेब केला तर दुसरा दावाही कोलमडतो. कार्ट्रिज ६,००० लिटर चालते, असे डब्यावर छापले आहे. समीकरणाप्रमाणे ६२ ग्रॅम नायट्रेटला २२४ ग्रॅम लोखंड लागते, म्हणजे एकास सुमारे ३.६ पट. आमच्या पाण्यातून लिटरमागे ६० मिलिग्रॅम काढायचे तर सुमारे २१७ मिलिग्रॅम लोखंड खर्च होणार, आणि ६,००० लिटरना १ किलो ३०० ग्रॅम. पाण्यातल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेत जे वाया जाते ते वेगळेच. तक्रारीनंतर कंपनीने फुकट पाठवलेले नवे कार्ट्रिज मी सील न फोडता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर प्लास्टिक, कोळसा आणि लोखंड सगळे मिळून ४१० ग्रॅम भरले. सबंध वजन शुद्ध लोखंडाचे धरले तरी दोन हजार लिटरच्या आतच ते संपते.

प्रत्यक्षात त्याच्या पुष्कळ आधी संपले. रोज पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून पंधरा लिटर काढत होतो. चौथ्या आठवड्यात पट्टी २५ च्या पुढे सरकली आणि सहाव्या आठवड्यात सरळ ५० च्या रंगाला लागली, म्हणजे साधारण ६३० लिटरनंतर फिल्टर मानकाच्या बाहेर गेला. पाण्याची धारही त्या वेळेपर्यंत बारीक झाली होती. कार्ट्रिज उघडून पाहिले तेव्हा आत तांबडा गंज बसून कोळशाची ढेकळे झाली होती. सहा आठवड्यांना ३,२०० रुपये, म्हणजे लिटरला पाच रुपये.

कंपनीशी दोनदा बोलले. पहिल्यांदा फोनवरच्या बाईंनी सांगितले, “मॅडम, अमोनिया आमच्या टेस्टमध्ये येत नाही.” तुम्ही ती टेस्ट करता का, असे विचारल्यावर थोडा वेळ शांतता होती. दुसऱ्यांदा तांत्रिक विभागातल्या गृहस्थांनी मान्य केले की पुढे अमोनिया धरणारा झिओलाइटचा टप्पा जोडायला हवा आणि तो ‘पुढच्या मॉडेलमध्ये’ येणार आहे. नवे कार्ट्रिज त्यांनी पाठवले, पैसे परत दिले नाहीत. सेवा तत्पर होती आणि बोलणे सभ्य होते, एवढे श्रेय द्यायला हवे.

पर्यायांचे थोडक्यात लिहिते. आरओने नायट्रेट बहुतांशी जाते, पण त्याबरोबर पाणीही वाया जाते, आणि मे महिन्यात विहिरीत चार फूट पाणी उरले असताना ते नळीतून मोरीत जाताना बघवत नाही. तरी बाळापुरते रोज चार लिटर काढायचे तर तेवढे सोसता येते. आम्ही शेवटी तेच केले, लहान आरओ घेतला, आणि त्याच्या पाण्यातले नायट्रेट पट्टीवर १० च्याही खाली येते. दुसरा मार्ग आयन-विनिमय रेझिनचा. त्यात नायट्रेट अडकते, बदल्यात क्लोराइड सुटते, आणि रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येते. घरापेक्षा वाडीच्या सामाईक टाकीला तो अधिक शोभेल. कोकणात हा प्रश्न एकेका विहिरीचा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटसाठी वर्धा, बुलढाणा, अमरावती अशा जिल्ह्यांची नावे वर आहेत. तिकडच्या कोणी हा फिल्टर घेण्याचा विचार करत असेल, तर विक्रेत्याकडे नायट्रेटच्या पट्टीबरोबर अमोनियाची तपासणीही समोर करून मागावी.

शेजाऱ्यांशीही बोलणे झाले. त्यांनी पावसाआधी खड्ड्याऐवजी तळाला काँक्रीट घातलेली टाकी बांधून घेतली आणि आम्ही गोठ्याची शेणकी विहिरीच्या खालच्या अंगाला नेली. फरक किती पडला ते दिवाळीनंतरच्या तपासणीत कळेल.

फिल्टर सध्या न्हाणीघराबाहेर लावला आहे आणि फुकट आलेले कार्ट्रिज त्यात घातले आहे. त्याचे अमोनियाचे पाणी अळूच्या वाफ्याला चांगले मानवते, पाने सुपाएवढी झाली आहेत. वाफा मात्र पहिल्या आठवड्यातच विहिरीच्या वरच्या बाजूने उचलून उताराला हलवावा लागला, कारण मातीतले जिवाणू त्या अमोनियाचे पुन्हा नायट्रेटच करतात.